वर्षाच्या आतलं आवतान

त्या दिवशी सकाळी माझी पत्नी वारली. दुपारी आम्ही तिला तिच्या माहेरी, तळवलीला नेलं. संध्याकाळी तिच्या भावाला फोन आला, की त्याच्या मुलीची टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली आहे.

मेव्हण्याने फोन ऐकला, दोनदा ‘हो’ म्हणाला आणि खिशात टाकला. मग माझ्या शेजारी येऊन बसला. एरवी तो मोठ्याने बोलणारा माणूस. त्या दिवशी मला वाकून ऐकावं लागलं.

“भावजी, पोरीचा नाव लागला,” तो म्हणाला. “आता ह्या कोनाला सांगू?”

जिला सांगायचं तीच गेली होती. मुलीला त्या स्पर्धेच्या रांगेत नेऊन उभं करणारी तिची आत्या होती, म्हणजे माझी पत्नी.

आम्ही घणसोलीला राहतो. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, ती बेलापूरला सरकारी कार्यालयात होती. संध्याकाळी घरी आल्यावर मला पुस्तक लागे आणि तिला टीव्ही. त्यावर आमचं भांडण कधी झालं नाही. मी आतल्या खोलीत बसायचो आणि दार उघडं ठेवायचो. गाण्याच्या स्पर्धा ती मन लावून बघायची. मालिका लावून ती भाजी निवडायची, मोबाइल बघायची, पण स्पर्धा लागली की हातातलं खाली ठेवायची. मधूनच हाक यायची, “अरे, ये ना, हा मुलगा बघ.” मी बोट पानात ठेवून बाहेर जायचो.

तिला सगळ्यात आवडायच्या त्या सुरुवातीच्या फेऱ्या. कुठल्या कुठल्या गावांहून मुलं आलेली असत. केसांना तेल, नवा शर्ट, त्याची घडी अजून न मोडलेली. बाहेर आई किंवा बाप पिशवी धरून उभा. तो मुलगा गायला लागला की कॅमेरा क्षणभर त्या आईकडे जायचा, आणि माझी पत्नी त्या क्षणासाठी बसलेली असायची. “गाणाऱ्याला ऐकायचं,” ती म्हणायची. “बघायचं ते आईला. तिचे ओठ बघ, ती पण गातेय.” एकदा एका बापाने मुलाच्या चपला हातात धरल्या होत्या. मुलगा गात असताना तो त्या चपला छातीशी घट्ट धरत गेला. तो प्रसंग ती आठवडाभर ऑफिसात सांगत होती.

मी म्हणायचो, दीड मिनिटात गाणं म्हणजे पुस्तकाचं शेवटचं पान फाडून वाचण्यासारखं आहे.

“तू शेवटचं पान आधी वाचतोस,” ती म्हणायची. “मला माहितीये. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात पकडलंय तुला.”

पण तिचं एक होतं. स्पर्धा अर्ध्यावर आली की ती बघणं सोडून द्यायची. अंतिम सोहळा तिने एकदाही पाहिला नाही. कोण जिंकलं हे तिला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळायचं. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, “आता सगळी एकसारखी गायला लागली. आली तेव्हा प्रत्येकाचा आवाज वेगळा होता. जॅकेट घातलं की आवाजालापण जॅकेट घालतात.” या कार्यक्रमांबद्दल पुढे मी बरंच काही ऐकलं, स्वतः आत जाऊन पाहिलंही. तिच्या या बोलण्यात मला अजून काही घालावंसं वाटलेलं नाही.

हे ती जाणून बोलत होती. तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तळवलीच्या धवलारीण होत्या. आगरी लग्नात विधी लावणारी, प्रत्येक विधीचं गाणं गाणारी बाई ती धवलारीण, आणि ती गाणी म्हणजे धवले. सासूबाईंच्या गाण्याशिवाय गावात हळद लागत नसे. मी देशावरचा. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, घर विचारलं नाही. त्या म्हणाल्या, “तुमच्यातली गेलेली मानसा सांगा.” मला आजोबांच्या पलीकडे नावं येईनात. वडलांना विचारून यावं लागलं. त्यांना ती नावं हवी होती आवताणासाठी. आवताण म्हणजे आमंत्रण. तळवलीत त्याला आवतान म्हणतात. धवल्यात आधी गावच्या देवांना लग्नाचं आवतान जातं, मग दोन्ही घरच्या गेलेल्या माणसांना, एकेकाला, नाव घेऊन. आमच्या लग्नात सासूबाईंनी माझ्या पणजीचं नाव गायलं, तेव्हा माझे वडील मान खाली घालून बसले होते. ते नाव त्यांनीही कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

पत्नीला हे सगळं येत होतं, पण नोकरी आणि फ्लॅट यांत ते स्वयंपाकघरापुरतं राहिलं. मग भाची मोठी झाली. दर रविवारी ती आमच्याकडे यायची. दोघी ओट्याशी कोळंबी सोलत बसायच्या आणि आत्या गायची, भाची मागून म्हणायची. चुकली की आत्या कोळंबीचं डोकं तिच्याकडे रोखायची. “नीट म्हण गो. देवाला बोलवतेस, रिक्षाला नाय.”

माझ्याकडे त्या मुलीचं दुसरं शिक्षण होतं. शाळेत तिला ‘पानी’ म्हटल्यावर मुलं हसत. तळवलीत ण नाही, न आहे. त्यात हसण्यासारखं काय ते तिला कळत नसे. मी तिला जीभ टाळूला कशी लावायची ते शिकवलं. पाणी, कोण, गाणं, बाण. ती पटकन शिकली. आत्या आतून ओरडायची, “माझ्या पोरीची जीभ मोडू नको, मास्तर!” पुढे ती कॉलेजात गेली तोपर्यंत तिच्याकडे दोन मराठी झाल्या होत्या, एक घणसोलीची आणि एक तळवलीची, आणि ऐरोलीच्या सिग्नलला रिक्षा बदलावी तशी ती त्या बदलायची.

निवडफेरीला आत्या रजा टाकून तिच्याबरोबर गेली. एका शाळेच्या पटांगणात रांग होती. संध्याकाळी दोघी उन्हाने लाल होऊन परतल्या. पत्नीला इतकं खूश मी क्वचित पाहिलं. रांगेत कोण कोण होतं, कुणाची पेटी कशी होती, एक आजोबा नातवाच्या आधी स्वतःच गायला कसे उभे राहिले, सगळं तिने नक्कल करून दाखवलं. भाची आत छान गायली. मग तिथल्या एकाने विचारलं, घरी कसं बोलता? तिने तळवलीतलं एक वाक्य बोलून दाखवलं आणि सगळे हसले. आता हसणं वेगळं होतं, आनंदाचं होतं. त्यांनी ते लगेच लिहून घेतलं.

“ऐकलंस?” पत्नी मला म्हणाली. “त्यांना ‘न’ हवाय. तुझी दहा वर्षं पाण्यात.”

“पान्यात,” भाची म्हणाली. त्या दोघी किती हसल्या.

तो आमच्या घरातला शेवटचा मोठा हसण्याचा दिवस. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, एका सकाळी, चहा ओतताना पत्नीच्या छातीत दुखलं.

तेराव्यानंतर मेव्हणा आला. सुतक संपलं होतं. मुलीला पाठवायचं का, हे त्याला माझ्या तोंडून हवं होतं. मी म्हटलं, तिला विचार. ती म्हणाली, जाते. मेव्हण्याने लगेच गावच्या नाक्यावर फ्लेक्स लावला. मुलीचा फोटो आमदारापेक्षा मोठा, आणि खाली लाल अक्षरांत: ‘तळवलीची गाणकोकिळा’. त्याने मुद्दाम मला नेऊन दाखवला.

“ण बराबर टाकलाय ना?” तो म्हणाला. “बोललो त्याला, न टाकू नको. लोक हसतील.”

गानकोकिळेत न च असतो. जन्मभर न बद्दल बोलणी खाल्लेल्या माणसाने जिथे तो बरोबर होता तिथून काढून टाकला होता. मी म्हटलं, “छान झालाय.” तिथे हसायला मला जोडीला कुणी नव्हतं. घरी येऊन मी दार लावलं आणि मग हसलो, आणि मग बसून राहिलो.

त्याच आठवड्यात कार्यक्रमाकडून एक मुलगी आली. तिचं काम स्पर्धकांच्या घरच्या गोष्टी जमवायचं. गाण्याआधी मिनिटभर दाखवतात ना, घर, गल्ली, आईवडील, डोळ्यांत पाणी, ते. तिला कळलं होतं की मुलीला गाणं शिकवणारी आत्या निवडफेरीनंतर वारली. ती माझ्याकडे घणसोलीला आली, सोबत एक कॅमेरावाला. भाची आणि मेव्हणाही होते. मुलगी नम्र होती. चपला बाहेर काढल्या, पाणी मागून घेतलं, भिंतीवरच्या फोटोला हात जोडले. मग म्हणाली, “काका, तुम्ही इथे बसाल का, काकूंच्या खुर्चीत? फोटो हातात घेऊन?”

“ती खुर्चीत बसत नसे,” मी म्हटलं. “ती खाली बसायची.”

“मग खाली बसा. ते तर अजून...” ती थांबली. तिला स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटली असावी. “सॉरी काका. दिवसाला अशी चार घरं करते मी.”

भाची दाराशी उभी होती. ती म्हणाली, “आत्याचं नको.”

“काय नको?”

“आत्या गेली ते सांगायचं नाही. तिचा फोटो नको, नाव नको. काकांना बसवायचं नाही.”

मेव्हणा कळवळला. “अगो बाय, मग मता कशी भेटतील? सगली पोरा काय ना काय सांगतान. तो मागचा पोरगा, त्याचा बाप वॉचमन होता, तर कवरी मता भेटली त्याला!”

“मग तुमीच सांगा तुमचं. तुमचा काय ता,” भाची म्हणाली.

गोष्टी जमवणाऱ्या मुलीने वही मिटली नाही, पण पेन खाली ठेवलं. “हे बघ,” ती भाचीला म्हणाली, “मी तुला खरं सांगते. आवाज लोकांच्या लक्षात राहत नाही. गोष्ट राहते. तुझ्या आवाजाची आणखी चार मुलं आहेत. तुझ्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाहीये.”

जे आहे ते, असं ती माझ्या पत्नीच्या मरणाबद्दल म्हणाली. पण ती खोटं बोलत नव्हती. मला त्या वेळीही तिचा राग आला नाही. भाचीने माझ्याकडे पाहिलं. तिच्यासाठी काय पणाला लागलंय हे तिला ठाऊक होतं: आत्याचं नाव उचलून दिलं तर ती पुढच्या फेऱ्यांत जाईल, नाही दिलं तर कदाचित लवकर घरी येईल. आत्याने रांगेत दिवस काढून तिला तिथे पोचवलं होतं. त्यामुळे लवकर घरी येणं हेही सोपं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, “तू म्हणशील तसं.”

“नको,” ती म्हणाली.

तेव्हा गोष्ट मेव्हण्याची झाली. त्याची शेती या नव्या शहराखाली गेली हे खरं आहे. त्या जागी त्याची चार मजली बिल्डिंग आणि तीत भाडेकरू आहेत हेही खरं आहे. कॅमेरावाल्याने बिल्डिंग मागे ठेवली आणि त्याला शेजाऱ्याच्या पडक्या कुंपणाशी उभं केलं. “मामा, ती चेन जरा काढता का?” मेव्हण्याने गळ्यातली सोन्याची साखळी काढून माझ्या हातात दिली. मग नांगर, भात, मिठागरं असं बोलता बोलता तो खरोखर रडला. बापाची आठवण आली म्हणाला. कॅमेरा बंद झाल्यावर शेजारी गच्चीवरून ओरडला, “काय रं गरिबा, भाडेकरूंचा भाडा आला का?” मेव्हण्याने डोळे पुसत त्याला उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चित्रीकरणाला घरच्या माणसांना बसू देतात. मेव्हणा आणि मी गेलो. आत थंडी फार होती. गाणं सुरू व्हायच्या आधी एक तरुण पुढे येऊन आम्हा सगळ्यांकडून टाळ्या वाजवून घेत होता: आता आनंदाच्या, आता आश्चर्याच्या, आता उभं राहून. त्या नंतर हव्या तिथे लावायच्या होत्या. परीक्षकांपैकी एकाचं डोळे पुसणंही वेगळं घेतलं. त्या वेळी मंचावर कुणीच नव्हतं. हे सगळं मी लिहून ठेवावं तसं मनात ठेवत होतो, आणि मग भाची आली आणि गायली. त्या एवढ्या यंत्रांच्या, दिव्यांच्या, सांगून वाजवलेल्या टाळ्यांच्या खोलीत शांतता झाली. ती कुणी सांगून केलेली नव्हती. केबल ओढणारा माणूस केबल हातात धरून तसाच उभा राहिला. माझी पत्नी जे बघायला बसायची ते हेच, आणि ते खोटं नव्हतं. एखाद्या घराण्यात न जन्मलेल्या, कुणाची ओळख नसलेल्या मुलीला असं ऐकलं जाणं आपल्याकडे सहज मिळत नाही. या कार्यक्रमांनी ते दार उघडलं आहे. पुढे त्या दारातून आत गेलेल्यांचं ते काय करतात हा वेगळा प्रश्न आहे, पण दार उघडलं हे मी नाकारणार नाही.

काही भाग गेले. भाची टिकली होती. वरच्या मुलांत नव्हती, पण टिकली होती. मग लग्नसराईचा भाग आला. प्रत्येकाने आपल्या भागातलं लग्नाचं गाणं गायचं. ती म्हणाली, धवला गाते. वाद्यवाल्यांना ते आवडलं, फक्त धवल्याला वाद्य नसतं हे त्यांना पटेना. त्यांनी मागे काहीतरी संथ ठेवलं आणि वेळ दिला दोन मिनिटं. धवला दोन मिनिटांत बसत नाही. म्हणून तिने आवतान तेवढं घेतलं.

ती मंचावर पाटावर बसली. आधी देव झाले. मग तिने घरची माणसं घ्यायला सुरुवात केली, आत्याने शिकवली त्याच क्रमाने: पणजा, पणजी, आजोबा, मग आजी, म्हणजे माझ्या सासूबाई. तिथे थांबायचं होतं. तालमीत ती तिथेच थांबायची. पण नावं ही अशी असतात, की एकाच्या मागून दुसरं येतं. आईमागून लेक येते. सासूबाईंच्या नावावरून स्वर खाली उतरला आणि त्याच स्वरावर तिने माझ्या पत्नीचं नाव घेतलं.

मेव्हण्याने माझं मनगट धरलं. “भावजी,” तो म्हणाला, “वर्स नाय झाला अजून.”

मला ते आधी कळलं नाही. मला फक्त नाव कळलं होतं. ती गेल्यापासून ते नाव कुणी माझ्यासमोर उच्चारलं नव्हतं. लोक ‘त्या’ म्हणत, ‘वहिनी’ म्हणत, ‘आपल्या ह्या’ म्हणत. मला जपत. आणि आता ते नाव भर सभेत, स्वरात, लांबवून, बोलावल्यासारखं आलं होतं. 

त्यांच्या घरात अशी रीत आहे: गेलेल्याला वर्षाच्या आत आवतान द्यायचं नाही. तो माणूस अजून वाटेवर असतो. हाक मारली तर मागे वळतो, आणि वळला की त्याला पुन्हा पहिल्यापासून चालावं लागतं. वर्ष झालं की तो पोचला, मग खुशाल लग्नाला बोलवा. मेव्हण्याने हे मला ओठ चावत, तुकड्यांत सांगितलं. समोर परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एकजण म्हणाले, काय शब्द आहेत, मातीचे शब्द.

भाची खाली आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. “पप्पा, तोंडातून गेलं,” ती म्हणाली. “मी नाही घेतलं. गेलं.”

“मी सांगतंय त्यांना, काप म्हनून,” मेव्हणा उठला. “ता टीव्हीवर नाय गेला पायजे. सगला गाव बघनार.”

तेवढ्यात ती गोष्टी जमवणारी मुलगी आमच्याकडे आली. तिचं लक्ष तीक्ष्ण होतं. “काही झालं का? शेवटी कोणाचं नाव होतं ते?”

कापा म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. का ते सांगितलं असतं, तर जे आम्ही दिलं नव्हतं ते सगळं तिच्या हातात आलं असतं, आणि मागितल्याहून चांगल्या रूपात: मंचावर चुकून आलेलं मेलेल्या आत्याचं नाव. त्याहून मोठी गोष्ट त्या कार्यक्रमाला मिळाली नसती. मेव्हण्याला हे माझ्याआधी समजलं. तोंड उघडलेलं तसंच ठेवून तो थांबला. पोरीला हवी होती ती मतं समोर उभी होती, फक्त हात पुढे करायचा होता; आणि बहिणीला मागे वळवल्याची भीती होती, तीही एका वाक्यात मिटत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं.

“गान्यातला नाव हाय,” तो म्हणाला. “जुना गाना हाय. अशीच नावा असतान.”

गोष्टी जमवणाऱ्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग “ओके” म्हणून गेली. तिला संशय आला होता असं मला वाटतं. तिने पुन्हा विचारलं नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

परतताना मेव्हणा गाडी चालवत होता.  ऐरोलीच्या पुलावर तो म्हणाला, “आवतान दिला, आनि दोन मिंटान बंद केला. ना मान, ना पाठवनी. ती आता उभी असंल तिथं. कोन सांगल तिला, जा म्हनून?”

धवल्याच्या शेवटी, बोलावलेल्या सगळ्यांचा मान करून त्यांना परत पाठवायचं गाणं असतं. कार्यक्रमात ते अर्थातच नव्हतं. भाची पुढच्या सीटवर होती. तिने काच वर केली आणि जिथे तिला थांबवलं होतं तिथून पुढे गायला लागली. पूल उतरल्यावर मेव्हण्याने गाडी डावीकडे घेऊन थांबवली, दोन्ही दिवे लुकलुकते ठेवले. बाजूने कंटेनर जात होते. गाडी हलत होती. ती सगळं गायली: पाय धुणं, हळद, बसायला पाट, जेवण, ओटी. या वेळी मागे वाद्य नव्हतं आणि घाई नव्हती. पाठवणीच्या कडव्यात तिने फक्त एकच नाव घेतलं. देवांना आणि बाकीच्यांना निरोप देऊन झाल्यावर, आत्याला वेगळा. मेव्हणा मध्येच एका ओळीला तिच्याबरोबर म्हणू लागला; मला तोवर ठाऊक नव्हतं की त्यालाही ते येतं. मला येत नाही. मी मागे बसून ऐकलं. रीत पाळली गेली की नाही हे मी सांगू शकत नाही. मेव्हण्याचे खांदे मात्र खाली आले.

भाग लागला त्या रविवारी तळवलीतल्या घरात पन्नासेक माणसं जमली होती. मेव्हणा टीव्हीच्या अगदी जवळ उभा होता, जणू वेळ आली तर हाताने झाकेल. पाट आला, देव आले, पणजा आला. मग पडद्यावर परीक्षकांचे पुसलेले डोळे आले, वाद्य मोठं झालं, आमच्या आनंदाच्या टाळ्या आल्या, आणि गाणं संपलं. आजी नव्हती. आत्या नव्हती. वेळेत बसवायला त्यांनी नावं कापली होती. त्यात काय होतं ते कापणाऱ्याला माहीत असण्याचं कारण नाही.

मेव्हणा मटकन खाली बसला. “सुटलो,” म्हणाला. भाची मात्र उठून बाहेर गेली. मी मागून गेलो. ती म्हणाली, “काका, नको होतं ना आपल्याला ते? मग मला राग का येतोय?”

“मलाही येतोय,” मी म्हटलं.

या कार्यक्रमांत काय वाईट असतं असं मला कुणी विचारलं तर मी अश्रू आणि जॅकेटं यांच्याबद्दल बोलत नाही. ते सगळ्यांना दिसतं. मी म्हणतो, त्यांना काय कापलं ते कळत नाही. ज्याला पुरतं गाणं ठाऊक आहे त्यालाच ते कळतं, आणि आता अशी मुलंही येतील ज्यांनी दोन मिनिटांचाच धवला ऐकलेला असेल. आणि तरीही त्या खोलीतली ती शांतता मी ऐकली आहे. दोन्ही मी एकाच तराजूत घालणार नाही, दोन्ही आहेत.

पुढच्या फेरीत ती बाहेर पडली. मतं कमी पडली. फ्लेक्स काही दिवस राहिला, मग त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा आला. तिला त्या कार्यक्रमामुळे बोलावणी येतात, हळदीला, सोसायटीच्या गणपतीला. काही ती घेते. धवला मात्र ती खऱ्या लग्नातच गाते, आणि पुरा. या हंगामात तिने रबाळ्याला एक लग्न लावलं; नवऱ्या मुलाच्या घरच्यांकडून आधी नावं मागून घेतली.

पत्नीला जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. तोवर तिचं नाव कुणी गाणार नाही. रविवारी भाची येते, आम्ही दोघं जेवतो आणि ती संध्याकाळच्या आत तळवलीला परत जाते. इतर दिवशी घरात मी असतो.